बंदुकीची गवसणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

'आकाशाला गवसणी घालणे' हा वाक्प्रचार आपण शाळेत शिकतो, निबंधात वापरतो आणि सत्काराच्या भाषणात तर फारच वापरतो. पण गवसणी म्हणजे नेमके काय, असे विचारले तर अर्धा वर्ग गप्प बसतो. गवसणी म्हणजे एखाद्या वस्तूच्या मापाने शिवलेले आवरण. वीणेला गवसणी असते, सतारीला असते. पोत्यात घातलेली वीणा ओळखू येत नाही; गवसणीतली वीणा झाकलेली असूनही वीणाच दिसते. आज मला ज्या गवसणीविषयी बोलायचे आहे ती मात्र वाद्याची नाही. घोड्यावर बसणाऱ्या शिपायाने आपली लांब बंदूक ठेवायची कुठे, या प्रश्नाला चामड्याने जे उत्तर दिले, त्या चामडी गवसणीची ही हकिकत आहे. इंग्रजी फौजेत तिला 'रायफल बकेट' म्हणत. नावात बादली असली तरी पाण्याशी तिचा संबंध एवढाच, की पाणी आत साठू नये याची काळजी ती करणाऱ्याला घ्यावी लागे.

प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. तलवारीचा प्रश्न जगाने फार पूर्वी सोडवला. तिला म्यान असते, म्यान कमरेला बांधले की झाले. बंदुकीचे तसे नाही. चार किलो वजनाची, हातभरापेक्षा पुष्कळ लांब, अर्धी लाकडाची आणि अर्धी लोखंडाची ही वस्तू. स्वाराच्या डाव्या हातात लगाम. उजव्या हातात बंदूक धरून तो कोसभर जाईल, दहा कोस जाणार नाही. पाठीला लटकवली तर दुडक्या चालीत ती पाठीच्या मणक्यावर आपटत राहते आणि घोडा ठेचकाळून माणूस पडला तर बंदूक त्याच्याखाली येते. खोगिराला बांधून टाकावी, तर स्वार खाली उतरला किंवा फेकला गेला की घोडा उधळतो आणि त्याच्याबरोबर बंदूकही जाते. म्हणजे खरा प्रश्न असा, की बंदूक माणसाची की घोड्याची? दोनशे-तीनशे वर्षे निरनिराळ्या देशांतल्या फौजांनी या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे दिली.

आपल्याकडे काय होते? मराठ्यांच्या घोडदळाची खरी हत्यारे भाला आणि तलवार. तोड्याची बंदूक घोड्यावरून चालवणे जिकिरीचेच काम, कारण पेटता तोडा सांभाळायचा, दारू सांडू द्यायची नाही आणि घोडाही आवरायचा. मोगल काळातली चित्रे पाहिली तर बादशहाच्या मागे चालणाऱ्या सेवकाच्या खांद्यावर लाल कापडात गुंडाळलेली बंदूक दिसते. ती कापडी गवसणी. धूळ आणि दव यांपासून तिने राखण केली, पण घोड्याच्या कुशीला घासत वीस कोस जाण्याचे काम कापडाचे नव्हे. आखूड नळीची 'कडाबीन' आपल्या जुन्या मराठीत आहे. युरोपातून आलेल्या 'कार्बाइन' या शब्दाला मराठी जिभेने दिलेले हे रूप मला फार आवडते. बंदूक हा शब्दही दूरचा. अरबीत बुंदुक म्हणजे कठीण कवचाचे एक फळ. त्यावरून गोळी आणि गोळीवरून गोळी मारणारे हत्यार. खोगीर, रिकीब, लगाम, जीन, म्यान, घोड्याचा हा सगळा संसार फारसी-अरबी-तुर्की वाटेने आपल्या भाषेत आला आणि इतका मुरला की 'खोगीरभरती' हा शब्द अस्सल मराठी टीकाकाराचा ठेवणीतला झाला.

चामडी गवसणीची हकिकत पाहायला आधी अमेरिकेत जाऊ. तिथल्या यादवी युद्धात, म्हणजे १८६१ ते १८६५ या काळात, घोडेस्वाराच्या डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीवर येणारा एक रुंद चामडी पट्टा असे. त्याला लोखंडी आकडा, आकड्यात कार्बाइनची कडी अडकवलेली. बंदूक अशी माणसाच्या अंगावर लोंबे आणि घोड्यावर बसल्यावर तिची नळी हेलकावू नये म्हणून खोगिराला चामड्याचे एक छोटे टोपण लावलेले असे, शिंप्याच्या अंगुस्तानासारखे. त्यात नळीचे टोक खुपसायचे. उत्तर सरळ होते: बंदूक माणसाची. घोडा गेला तरी बंदूक राहील. पण माणूस घोड्यावरून पडला आणि नळी त्या टोपणात अडकून राहिली, तर आकड्याला अडकलेला शिपाई घोड्यामागे फरफटत जाई.

या उत्तराची एक परीक्षा २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी झाली. जनरल कस्टरच्या तुकडीचा तिथे लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी पाडाव केला, हे सर्वांना माहीत आहे. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे स्वार पायउतार होऊन लढत आणि दर चौघांतला एक जण चौघांचे घोडे धरून मागे उभा राही. लाकोटांचा एक नेता गॉल याने दहा वर्षांनी त्याच रणभूमीवर येऊन सांगितले, की आम्ही त्या घोडे धरणाऱ्यांवरच आधी चालून गेलो. घोडे उधळले आणि खोगिराच्या पिशव्यांतली काडतुसे त्यांच्याबरोबर गेली. बंदूक माणसाकडे राहिली आणि काडतुसे घोड्याबरोबर गेली, अशी ती गंमत. गंमत म्हणतो खरा, पण त्या टेकडीवरून कस्टरबरोबरचा एकही शिपाई परतला नाही.

पुढे अमेरिकी लष्कराने मत बदलले. १८८५ साली तिथे पूर्ण चामड्याचा 'कार्बाइन बूट' आला. नळी खाली, दस्ता वर, निम्मी बंदूक चामड्यात. ती आता खोगिराची झाली. गुराख्यांनी हे आधीच केले होते. विंचेस्टर बंदूक बाळगणारा गुराखी तिला डाव्या मांडीखाली घाली, कारण उजवी बाजू दोराच्या फासाची. फास टाकताना मध्ये बंदुकीचा दस्ता नको. काटेरी झुडपांच्या मुलखात दस्ता पुढे ठेवला तर फांद्या अडकतात, मागे ठेवला तर घाईत हात पोचत नाही. चेयेन आणि डेन्व्हरच्या खोगीरवाल्यांनी त्या दोरा-चामड्यावर आपले शिक्के मारले आणि त्या शिक्क्यांना आज संग्राहक भरमसाट किंमत देतात. सिनेमात दिसतो तसा प्रत्येक गुराखी रोज बंदूक लावून हिंडत नसे. चार किलो एका बाजूला लोंबले की घोड्याची पाठ सोलते, आणि पाठ सोललेला घोडा म्हणजे बुडालेली मजुरी.

त्याच मुलखात दुसरीही एक गवसणी होती. लाकोटा, शायेन, क्रो यांच्या स्त्रिया हरणाचे कातडे त्याच हरणाच्या मेंदूने मळून मऊसूत करीत आणि त्याची बंदुकीची पिशवी शिवून तिला झालरी व मणी लावीत. ही पिशवी खोगिराला बांधायची नसे, स्वार ती आपल्यापुढे आडवी धरी. जाड चामड्याच्या लष्करी बुटापुढे ती दागिन्यासारखी दिसते. कोणी शिवली हे मात्र दोन्हींवर लिहिलेले नसते.

आता इंग्रजांकडे वळू, कारण तिथून ही वस्तू आपल्या दारात येते. १८९९ ते १९०२ या काळात दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांशी इंग्रजांचे युद्ध झाले. बोअर तट्टावर बसून येत, उतरत, लगाम जमिनीवर सोडून देत आणि तट्टू शिकवल्याप्रमाणे जागीच उभे राही. हातात लांब पल्ल्याची माउझर. समोर इंग्रज स्वारांकडे आखूड कार्बाइन. तिची गोळी पोचायच्या आतच समोरची गोळी येऊन पोचलेली असे. हा धडा महाग पडला. युद्ध संपता संपता इंग्रजांनी पायदळ आणि घोडदळ दोघांना चालेल अशी एकच रायफल स्वीकारली, ती शॉर्ट ली-एनफिल्ड. जुनी पायदळाची रायफल सुमारे १२६ सेंटिमीटर, कार्बाइन सुमारे १०१ आणि ही नवी ११३. दोघांच्या मधली तडजोड. पण स्वाराच्या दृष्टीने त्याच्या हत्याराची लांबी एकदम अर्धी वीत तरी वाढली.

यावरून मोठा वाद झाला. लॉर्ड रॉबर्ट्स म्हणत, स्वाराचे पहिले हत्यार आता रायफल. १९०४ च्या घोडदळाच्या नियमपुस्तकात त्यांनी तसे लिहिले. जनरल फ्रेंच आणि हेग यांना ते रुचले नाही. तलवार-भाल्याचा हल्ला हाच घोडदळाचा आत्मा, असे त्यांचे म्हणणे. १९०७ च्या आवृत्तीत त्यांनी तलवारीला पुन्हा मानाचे पान दिले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण म्हणतो. खोगिरावर मात्र दोन्ही पक्षांना जागा देण्यात आली. डाव्या बाजूला तलवार आणि घोड्याच्या नालांची पिशवी, उजव्या बाजूला रायफलची गवसणी. साहेबांचा वाद मिटला नाही, पण खोगीर बनवणाऱ्याने दोन्ही बाजूंची वजने तोलून धरली. माणूस, खोगीर, हत्यारे, चारा-दाणा मिळून घोड्याच्या पाठीवर सुमारे १२० किलो ओझे येई. त्यात एक बाजू जड झाली तर दोन दिवसांत जखम.

इंग्रजी गवसणी अमेरिकी गवसणीच्या उलटी. इथे दस्ता खाली आणि नळी वर. स्वाराच्या उजव्या मांडीमागे रायफल उभी, तिचे टोक त्याच्या दंडामागे आभाळाकडे. उतरल्याबरोबर हात मागे जातो, गळा पकडतो आणि बंदूक वर उपसतो. ती खोगिराची खरी, पण क्षणात माणसाची होऊ शकते.

हिंदुस्थानी घोडदळात या प्रश्नाला आणखी एक पदर होता, आणि तो थेट आपल्या महाराष्ट्राचा आहे. शिवकाळातल्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार. बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारचे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येई. सिलाह म्हणजे शस्त्र, ते ज्याच्याकडे तो सिलाहदार, त्याचा आपण शिलेदार केला. हे आडनाव पुढे नाट्यसंगीतामुळे घराघरात पोचले. इंग्रजांनी आपल्या हिंदी रिसाल्यांसाठी हीच पद्धत आणि हाच शब्द उचलला आणि त्याचे 'सिलादार' केले. पुण्याचा रिसाला, म्हणजे पूना हॉर्स, १८१७ साली उभा राहिला तो याच मुशीतून. भरती होताना तरुणाने काहीशे रुपये भरायचे, त्यातून रेजिमेंट त्याला घोडा, खोगीर आणि इतर सरंजाम देणार, आणि नोकरी सुटताना ती रक्कम परत. एवढी रक्कम असलेल्या घरातलाच मुलगा स्वार होणार, हे उघड आहे.

परंतु एक वस्तू शिलेदाराची नव्हती. १८५७ च्या उठावानंतर सरकारने बंदूक आणि काडतूस आपल्याच हाती ठेवले. घोडा माझा, खोगीर माझे, भाला माझा, पण रायफल सरकारची. ती हरवली तर स्वाराची धडगत नसे. वायव्य सरहद्दीवर रायफलींची चोरी हा पठाणांचा जणू हंगामी धंदाच होता. रात्री छावणीत शिपाई रायफल मनगटाला बांधून झोपत. म्हणजे दिवसा ती गवसणीत आणि रात्री मनगटाला. शिलेदाराच्या खासगी घोड्याला सरकारी बंदूक जोडणारा जो सांधा, तो ही चामड्याची नळी. साम्राज्य किती विश्वास ठेवीत होते आणि किती नाही, हे त्या सांध्यावर कळते.

ही चामडी वस्तू बनत कुठे होती? कानपूरला. आधी लष्कराचा चामडी सरंजाम विलायतेतून येई, महाग पडे आणि आपल्या उन्हा-पावसात तडकून जाई. १८६० च्या दशकात जॉन स्टुअर्ट नावाच्या तोफखान्यातल्या अधिकाऱ्याने कानपूरला सरकारी खोगीर कारखान्याची घडी बसवली. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. इंग्रजी पद्धत आणली, पण साल मात्र इथल्याच बाभळीची वापरली. आपल्या गावांत ढोर समाजाची माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीच्या सालीने आणि हिरड्याने कातडे कमावत आली आहेत. चुन्याच्या कुंडात केस सोडवायचे, मग कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगायची, आत सालीचे पाणी भरायचे आणि ते पाझरत राहील तसे पुन्हा भरत राहायचे. काही आठवड्यांत कातडे तयार. कानपूरला तेच काम मोठमोठ्या हौदांत महिनोन्‌महिने चाले, मग त्याला चरबी आणि माशाचे तेल पाजून, रगडून, खोगिराजोगे चामडे होई. कारखानदारांची एक तक्रार कायम होती. गावाकडून आलेल्या कातड्यांवर डागण्यांचे डाग आणि बैलाला टोचलेल्या पराणीची भोके. बैलाने आयुष्यभर सोसले त्याचा हिशेब असा त्याच्या कातड्यावर उमटून येई, आणि नेमका तेवढा भाग साहेब नापास करी.

मला ही वस्तू प्रत्यक्ष हातात मिळाली ती पुण्याच्या जुन्या बाजारात. विकणारा तिला फुलदाणी म्हणत होता. काळपट, वाळून लाकडासारखी झालेली, तळाशी बाणाची सरकारी खूण आणि इंग्रजी 'आय' हे अक्षर. मी ती मिरजेला नेली. तिथे माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ होते, टांग्याचे जीन-सामान करण्यात त्यांचे आयुष्य गेले. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणे. टांगे संपले तेव्हा ते शाळेच्या पिशव्या दुरुस्त करू लागले होते.

मामांनी ती चष्मा वर करून पाहिली, नंतर चष्मा खाली घेऊन पाहिली, आणि विचारले, "भाई, ही करणारा कुठला?"

"कानपूरचा असेल, मामा."

"घोडं बघितलेला माणूस आहे. शिवण बघा कुठं घेतली ती. बाहेरच्या अंगाला. आतल्या अंगाला घेतली असती तर शिवणीची कड घोड्याच्या बरगडीला करवतीसारखी लागली असती."

मग तासभर त्यांनी मला ती वस्तू वाचून दाखवली. मी कवी, वाचणे हा माझा धंदा, पण हे मला वाचता आले नसते. चामडे पाठीचे घेतले आहे, पोटाचे नव्हे. पोटाचे सैल असते, ताणले की लांबते आणि परत येत नाही. जाडी पाच मिलिमीटरच्या आसपास. कागदावर बंदूक आडवी ठेवून आकार काढायचा, पण कापताना चामड्याच्या जाडीची भर धरायची. ती धरली नाही तर गवसणी शिवून झाल्यावर बंदूक आत जातच नाही, आणि असे चामडे मग चपलांच्या तळव्यांनाच लागते. दोन कडांच्या मध्ये चामड्याची एक पट्टी शिवलेली असते. तिला मामांनी 'मधली पट्टी' एवढेच म्हटले. तिचे काम महत्त्वाचे. बंदुकीचे लोखंड थेट दोऱ्यावर घासत नाही, पट्टीवर घासते. पट्टी झिजते, शिवण राहते.

टाके मोजायला त्यांनी मलाच सांगितले. इंचाला सात. "आठ घातले तर भोकं जवळ येऊन चामडं तिकिटासारखं फाटतं. सहा घातले तर फट पडते," मामा म्हणाले. आणि टाका दोन सुयांचा. एकाच मेण लावलेल्या दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, आरीने पाडलेल्या त्याच भोकातून एक इकडून आणि एक तिकडून. शिलाई मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की ओळ उसवत जाते. या टाक्यात एक तुटला तरी शेजारचा धरून ठेवतो. चिमटा गुडघ्यांत, दोन्ही हात पंखासारखे बाजूला ताणून प्रत्येक टाका आवळायचा. अशी दिवसभर शिलाई करणाऱ्याच्या करंगळीवर दोऱ्याने पडलेली खाच मरेपर्यंत जात नाही. मामांनी आपली करंगळी दाखवली.

त्यानंतर आकार देणे. शिवलेली नळी पाण्यात भिजवायची, बंदुकीला तेल लावून कापड गुंडाळायचे आणि ती आत घालून ओल्या चामड्यावर हाडाच्या तुकड्याने दाबत दाबत तिचा आकार बसवायचा. वाळवायचे सावलीत. उन्हात घाई केली की चामडे ठिसूळ होते. वाळले की ते बंदुकीचा आकार कधी विसरत नाही. कारखान्यात जिवंत बंदुकीऐवजी लाकडी साचा वापरीत असणार, हे मामांनीच सांगितले, कारण एका बंदुकीच्या मापाने शेकडो करायच्या तर साचाच हवा. तळाशी एक भोक होते. मी ते किडीचे समजलो होतो. मामा हसले. नदी ओलांडताना आत शिरलेले पाणी त्यातून निघून जायचे.

एक सूचना त्यांनी आपणहून दिली. अशा पिशवीत हत्यार कायम ठेवायचे नाही. सालीने कमावलेल्या चामड्यात तुरटपणा असतो, त्याला ओल लागली की लोखंडाला गंज चढतो. गवसणी प्रवासापुरती, घरी आल्यावर बंदूक बाहेर. मला वीणेची गवसणी आठवली. तिला असले पथ्य नाही.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि ही सगळी घोडी, खोगिरे आणि गवसण्या समुद्र ओलांडून फ्रान्सला गेल्या. तिथे त्यांच्या वाट्याला काय आले? खंदक. हिवाळ्यात स्वारांना घोडे मागे ठेवून चिखलात पायदळासारखे बसावे लागले. पूना हॉर्सचे लेफ्टनंट फ्रँक डी पास यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो घोड्यावरच्या नव्हे, नोव्हेंबर १९१४ मध्ये फेस्टुबर्टजवळच्या खंदकातल्या पराक्रमाबद्दल, आणि तोही मरणोत्तर. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमच्या रणांगणावर हाय वूड नावाच्या रानाजवळ एकदा स्वारांना संधी मिळाली. विसाव्या डेक्कन हॉर्सने इंग्रज ड्रॅगून गार्ड्सच्या जोडीने भाले रोखून उभ्या पिकातून हल्ला केला. या डेक्कन हॉर्समध्ये शीख आणि जाटांबरोबर दख्खनी मुसलमानांची तुकडी होती, आमच्याच बोलीचे, आमच्याच मातीचे लोक. त्या संध्याकाळच्या भाल्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच रात्री काय झाले याविषयी कमी. अंधार पडल्यावर ते स्वार उतरले, गवसणीतून रायफली उपसल्या, जमीन खणली आणि पहाटे परत बोलावणे येईपर्यंत ती ओळ रायफलींनीच धरून ठेवली. रॉबर्ट्स आणि हेग यांच्या वादाचा निकाल एका रात्रीत लागला, असे म्हणण्याचा मोह मला होतो. पण हेग तेव्हा तिथले सरसेनापती होते आणि त्यांचे मत काही बदलले नाही.

राहिली ती शिवणाऱ्याची गोष्ट. कानपूरच्या कारखान्यांत कातडे कमावणारे आणि शिवणारे बहुतांशी चामार समाजाचे, काही मुसलमान कारागीर. फौजेने त्यांच्या हाताचे खोगीर घेतले, लगाम घेतला, बूट घेतले, बंदुकीची गवसणी घेतली. त्यांना स्वतःला घेतले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'लढवय्या जाती' नावाची मोजपट्टी इंग्रजांनी काढली आणि महारांसह अनेक समाजांना भरतीची दारे बंद केली. ज्या महारांनी मुंबई इलाख्याच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती, त्यांच्यावर ही पाळी आली. १८९४ साली गोपाळबाबा वलंगकरांनी याविरुद्ध अर्जाचा मसुदा तयार केला, तो मराठी वाचकांना माहीत आहे. चामाराला तर घोडदळाचे दार दुहेरी बंद. जातीमुळे, आणि शिलेदारीची रक्कम कुठून आणायची यामुळे. त्याने शिवलेली गवसणी खैबरपर्यंत गेली, सोमपर्यंत गेली. तिच्यावर कारखान्याचा शिक्का आहे, सरकारी बाण आहे, सालसुद्धा असे. त्याचे नाव लिहायला जागा ठेवलेली नव्हती. तरी कारखान्याच्या रोख पगाराने एक गोष्ट केली. गावाच्या वेशीबाहेरचा माणूस शहरात आला, त्याच्या हातात महिन्याचे पैसे आले, आणि १९२० च्या दशकात स्वामी अछूतानंदांनी आदि हिंदू चळवळ उभी केली तेव्हा तिचे एक मोठे केंद्र कानपूरच होते.

महायुद्धाने शिलेदारीही संपवली. दूर देशात मेलेल्या घोड्याची भरपाई स्वाराने किंवा रेजिमेंटने करायची, हे गणित जमणे शक्यच नव्हते. १९२१ च्या फेररचनेत हिंदी घोडदळाच्या ३९ रेजिमेंटच्या २१ झाल्या आणि घोडा, खोगीर सगळे सरकारचे झाले. म्हणजे शिलेदार शेवटी बारगीर झाला. १९३८ साली सिंद हॉर्सने आपले घोडे परत करून यंत्रांच्या गाड्या घेतल्या. मग एकेक करून बाकीच्या रेजिमेंटही त्याच वाटेने गेल्या. गवसण्या भंगारात गेल्या. काही फुलदाण्या झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा ती जुनी मोजपट्टी सरकारने बाजूला ठेवली. १९४३ साली चामार रेजिमेंट उभी राहिली. पायदळाची रेजिमेंट, ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढली. तिच्या शिपायांच्या रायफली खांद्यावर होत्या. १९४६ साली ती बरखास्त करण्यात आली.